बासनातले पाणी

या सदरात येणारे अनुभव मी बरीच वर्षे वाचत आलो आहे, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर बहुतेक वेळा किंचित हसून पान उलटत आलो आहे. मी देव मानतो. स्नान, संध्या, पूजा यांत मला कळायला लागल्यापासून खंड पडलेला नाही. पण भुतेखेते, चकवे, करणी यांवर माझा विश्वास कधी नव्हता, आजही नाही. काहींना या दोन गोष्टी विसंगत वाटतात. मला वाटत नाहीत. पस्तीस वर्षे मी पाठशाळेत न्यायशास्त्र शिकवले. कारणावाचून कार्य घडत नाही, हे ज्याने पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांकडून घोकून घेतले, त्याने ‘काहीतरी आपोआप घडले’ असे लिहिणे हे त्याच्या शास्त्राला उणेपणा आणणारे आहे.

तरीही लिहितो आहे… कारण जे घडले ते माझ्यासमोर घडले, आणि त्याचे कारण मला सापडले नाही. ज्यांचे आयुष्य यंत्रांत गेले अशा दोन माणसांनाही ते सापडले नाही. नावे तेवढी बदलली आहेत.

साल १९९५. ठिकाण सिंगापूर, बुओना व्हिस्टा. एमआरटीच्या, म्हणजे शहरातल्या रेल्वेच्या, स्टेशनपासून दहा-बारा मिनिटांच्या चालीवर, मोठ्या झाडांच्या सावलीत एक जुना, कौलारू, एकमजली बंगला होता. तो माझ्या शिष्याने भाड्याने घेतला होता. त्याला मी अनंत म्हणेन.

अनंत दहा वर्षांचा असताना आमच्या घरी आला. वडील गेलेले, आईला दोन वेळचे जेवण घालणे कठीण. आठ वर्षे तो आमच्याकडे राहिला, शिकला, माझ्या पत्नीच्या हातचे जेवला. आम्हाला मूल नव्हते. बुद्धी इतकी तीक्ष्ण, की मी एक वाक्य सांगावे आणि त्याने त्यावरच्या तीन शंका पुढे ठेवाव्यात. पुढे त्याने मरीन इंजिनिअरिंग निवडले, तेव्हा मला वाईट वाटले नाही असे नाही. पण जाताना त्याने पायांवर डोके ठेवले तेव्हा मी मनापासून आशीर्वाद दिला. बारा वर्षे जहाजांवर काढून, चीफ इंजिनिअर होऊन, तो एका शिपिंग कंपनीत नोकरीला लागला आणि सिंगापूरला स्थिरावला.

आता पोथ्यांविषयी. माझ्या वडिलांनी मरताना माझ्या स्वाधीन चौदा बासने केली होती. नव्या वाचकांसाठी सांगतो — हस्तलिखित पोथीची सुटी पाने दोन लाकडी फळ्यांमध्ये ठेवून लाल फडक्यात बांधतात, ते बासन. त्यांतली काही पणजोबांनी स्वतःच्या हाताने लिहिलेली. वडील म्हणाले होते, “विकू नकोस, वाटू नकोस, आणि एक पानही हरवू देऊ नकोस.” मी त्यांच्या हातावर पाणी सोडून शब्द दिला होता. पण पत्नी गेली त्या वर्षी माझे घराकडे लक्ष राहिले नाही, आणि वाळवीने तीन बासने खाल्ली. हे मी अनंताला पत्राने कळवले. उलट टपाली त्याचे उत्तर आले — “गुरुजी, पोथ्या आणि आपण, दोघेही माझ्याकडे या. त्या सांभाळण्याची सोय मी करतो. एवढे तरी मला करू द्या.”

ते पत्र मी देवासमोर ठेवले होते.

अक्षय्यतृतीयेनंतर आठवड्याभराने मी उरलेली अकरा बासने घेऊन सिंगापूरला पोचलो. अनंताने एक खोली पोथ्यांसाठी रिकामी केली होती. एका भिंतीला काचेचे कपाट. समोरच्या भिंतीला लोखंडाचे दोन चपटे रेडिएटर. आणि शेजारच्या कोठीत, कमरेइतक्या उंचीचा एक पांढरा पेटारा. तो घर उबदार ठेवणारा बॉयलर होता! थंड देशांतल्या घरांत असतो तसा, विजेवर चालणारा. मोडीत निघालेल्या एका जहाजावरून त्याने तो आणला होता.

“अहो, सिंगापूरमध्ये माणसं घामानं भिजतायत आणि आपण घरात शेगडी लावतोय,” अनंताची पत्नी वृंदा म्हणाली. “माझी बहीण फोनवर किती हसली! म्हणाली, जिजाजींना जहाजावरची थंडी बाधली वाटतं.”

“हसू दे तिला,” अनंत म्हणाला. “गुरुजी, इथली हवा बारा महिने ओली. कागदाला वाळवी नाही लागली तर बुरशी लागते. एसी लावला तर तो बंद केल्यावर भिंतींना घाम फुटतो. हवा जराशी तापवली की तीच हवा कोरडी होते. खोली बाहेरच्यापेक्षा चार-पाच अंश गरम राहिली, तर आपली पानं शंभर वर्षं टिकतील.”

त्याने मला यंत्र समजावून सांगितले आणि शिष्याने गुरूला शिकवण्याचा तो आनंद आम्ही दोघांनी घेतला. नळ्यांच्या बंद वर्तुळात पाणी एकदाच भरायचे. ते तापून रेडिएटरमध्ये जाते, गार होऊन परत येते. बाहेर जायला त्याला वाट नाही. दाब दाखवणारी तबकडी असते, तिचा काटा गार पाण्यात दीडवर असला पाहिजे. काटा उतरला तर पाणी कुठूनतरी बाहेर जात आहे, असे समजायचे. तो अर्ध्याच्या खाली गेला तर बॉयलर स्वतःहून बंद पडतो.

रोज सकाळी काटा पाहून नोंद करण्याचे काम त्याने माझ्याकडे दिले. रात्री बॉयलर बंद असे, त्यामुळे सकाळी पाणी गार. आणि गार पाण्याचेच माप खरे. स्नान करून मी कोठीत जाई, वहीत लिही, मग खोली उघडून कपाटातल्या अकरा बासनांवर एकेक अक्षता ठेवून प्रत्येकाला मस्तक लावी. किल्ल्या दोन होत्या. एक देव्हाऱ्यापाशी, एक अनंताकडे.

माझी वही पाहून तो पहिल्या दिवशी खळखळून हसला.

“गुरुजी, लॉगबुकात तिथी लिहिणारे आपण पहिलेच! क्षयतिथी आली तर त्या दिवसाचं प्रेशर कुठे लिहाल?”

“तुझं जहाज तारीख बदलणारी रेषा ओलांडतं तेव्हा तुझाही एक दिवस गळतो ना? तू जिथे लिहीत होतास तिथे.”

“घ्या!” वृंदा म्हणाली. “अजून विद्यार्थीच आहात तुम्ही.”

एक नियम मात्र त्याने घालून दिला. काटा सलग एकवीस दिवस दीडवर स्थिर राहीपर्यंत एकही बासन सोडायचे नाही. “ओल्या हवेत पानं उघडली तर एकमेकांना चिकटतील, सोडवताना शाई उचलून येईल. खोली एकदा पुरती कोरडी होऊ द्या.” मला ते पटले. पोथी सोडायची ती सोवळ्याने, चांगला दिवस पाहून, स्वस्थ चित्ताने. घाई तिथे मुळीच शोभत नाही. थांबणे मला ठाऊक होते. मी थांबलो.

नळ्या जोडून बॉयलर सुरू व्हायला ज्येष्ठ उजाडला होता. ज्येष्ठ वद्य पंचमी. काटा दीडवरून नवावर, म्हणजे एकाला एक दशांश कमी.

अनंताने कपाळाला आठ्या घातल्या, नळ उघडून पाणी भरले, काटा दीडवर आणला. पुढे चौदा दिवस तो तिळभर हलला नाही. आषाढात पुन्हा तेच. एका सकाळी एकदम नऊ. आदल्या सकाळी दीड.

आता त्याच्यातला इंजिनिअर जागा झाला. प्रत्येक सांध्याखाली त्याने कोरडे टिश्यू पेपर बांधले. दोन दिवसांनी सोडले, सगळे कोरडे. दाब वाढला तर पाणी सोडून देणारा सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. त्याच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी बांधली. पिशवी रिकामी. तबकडीच खोटे बोलत असेल म्हणून नवी बसवली. नवीनेही तेच सांगितले. मग त्याने आपल्या ओळखीच्या लिमला बोलावले.

लिम हा जहाजांवर फिटर म्हणून आयुष्य घालवलेला, माझ्याच वयाचा चिनी गृहस्थ. मला मात्र ‘अंकल’ म्हणे. बॉयलरभोवती एक फेरी मारून त्याने अनंताला विचारले, “युअर बुक्स कम फ्रॉम स्नो कंट्री, इज इट?” आणि स्वतःच्याच विनोदावर मनसोक्त हसला. पण पोथ्यांच्या खोलीच्या दाराशी आल्यावर, कुणी न सांगता, त्याने चपला बाहेर काढल्या. तिथून पुढे मला तो आपला वाटू लागला.

लिमची पद्धत शांत होती. पाणी तापले की फुगते, त्याला जागा देण्यासाठी एक गोल टाकी असते, तिच्या आत रबराचा पडदा. पडदा फाटला तर दाब राहत नाही. त्याने टाकीच्या व्हॉल्व्हची पिन दाबून पाहिली. पाणी नाही, नुसती हवा आली. पडदा शाबूत. पंपाने हवा पुन्हा भरली. मग मधल्या तोट्या बंद करून बॉयलर एकीकडे आणि रेडिएटर दुसरीकडे असे वेगळे केले, आणि रेडिएटरच्या बाजूला दुसरी तबकडी लावली. पाच दिवस दोन्हीकडचे काटे स्थिर. तोट्या उघडल्या… सहाव्या दिवशी सकाळी नऊ.

ही तिसरी खेप. लिम स्टुलावर बसला. अनंताने त्याचे बोलणे मला समजावून दिले. गळती असेल तर काटा रोज थोडाथोडा उतरतो. इथे चौदा-पंधरा दिवस काही नाही, आणि मग एकदम एक घोट. लिमच्या शब्दांत, “धिस वन नॉट लीक, अंकल. धिस वन समबडी ड्रिंक.”

अनंत हसला नाही, हे मला तेव्हाही जाणवले होते.

श्रावणाच्या पहिल्या आठवड्यात लिमने शेवटचा उपाय केला. त्याने वर्तुळातल्या पाण्यात चकचकीत हिरवा रंग मिसळला. “वॉटर ऑल्वेज गो समव्हेअर,” तो म्हणाला. पाणी कुठेतरी जातेच. जिथे हिरवा डाग दिसेल तिथे दोष. फरशी, भिंती, छत, बाहेरची गटारे… वृंदा आणि मी रोज सकाळी हिरवा डाग शोधत फिरत असू. काटा श्रावणात दोनदा उतरला, भाद्रपदात दोनदा. एकूण सात वेळा. हिरवा ठिपका एकदाही दिसला नाही.

एकवीस दिवसांचा नियम पुरा होण्याआधीच प्रत्येक वेळी काटा उतरे, आणि माझी पोथी उघडण्याची वेळ पुढे ढकलली जाई. अनंताची चिडचिड वाढली होती. कंपनीतल्या मोठ्या हुद्द्याच्या जागेसाठी त्याचे नाव पुढे होते. परदेशातून मालक वारंवार येत, त्यांच्याबरोबर जेवणे होत. थकून येई, तरी कोठीत जाऊन बॉयलरपाशी उकिडवा बसे. मला त्याची दया येई. देवाला मी म्हणत असे, या मुलाचे कष्ट वाया जाऊ देऊ नकोस.

नवरात्र आले. खंडेनवमीला शस्त्रांची, अवजारांची पूजा. वृंदाने बॉयलरला हळदकुंकू लावून झेंडूची माळ घातली. “रागावलायत आमच्यावर, आता तरी खूश व्हा,” असे त्याला हात जोडून म्हणाली. मी अकरा बासनांची पूजा केली. दसऱ्याला पूजेतली पोथी सोडून चार ओळी तरी वाचायच्या, हा आमच्या घराचा नेम. तो माझ्या हयातीत चुकला नव्हता. आदल्या संध्याकाळी मी अनंताला तसे म्हणालो.

“एक वर्ष राहू द्या ना, गुरुजी. छापील पुस्तकातून वाचा. काटा अजून बसलेला नाही.”

“तीनच पाने सोडीन. दार बंद करून.”

“मी इतकं सांगतोय ते ऐकाल का?” तो एकदम म्हणाला. आवाज चढला होता. लगेच खाली पाहून म्हणाला, “मला भीती वाटते. काही झालं तर आपल्याला काय तोंड दाखवू?”

त्याची ती भीती मी भक्ती समजलो.

सकाळी तो शिपयार्डला गेला. स्नान करून, सोवळे नेसून मी बराच वेळ कपाटासमोर उभा राहिलो. शिष्याची सूचना मोडावी की वडिलांचा नेम? शेवटी पणजोबांच्या हातचे बासन पाटावर घेतले. वृंदा निरांजन घेऊन शेजारी बसली होती. फडके कोरडे, उबदार होते. गाठ सोडली. वरची फळी कोरडी. ती उचलली…

आतून पाणी ओघळले. पाटावरून माझ्या मांडीवर, मांडीवरून फरशीवर. हिरवे.

पहिला विचार आला तो असा, की पोथी भिजली, शाई गेली, मी वडिलांना दिलेला शब्द गेला. हाताला लागेल ते पान मी उचलले. ते पोथीचे पान नव्हते. जहाजाच्या इंजिनरूममध्ये तासातासाला तापमान आणि दाब लिहायचे छापील तक्ते असतात. तसे तक्ते पोथीच्या मापाने कापून, नीट गड्डी करून फळ्यांमध्ये घातलेले होते. रकान्यांत आकडे होते. निळ्या शाईचे, उजवीकडे झुकलेले.

वृंदाच्या हातातले निरांजन खाली गेले.

“गुरुजी… हे ह्यांचं अक्षर आहे.”

ते मला तिने सांगायची गरज नव्हती. त्या हाताला मीच वळण लावले होते.

आम्ही अकराही बासने सोडली. चार खरी होती. कोरडी ठणठणीत, कडुनिंबाच्या पानांचा वास तसाच. सात खोटी होती, आणि सातही आतून निथळत होती. तीन बासनांतले पाणी स्वच्छ, चारांतले हिरवे. सातांचीही फडकी बाहेरून कोरडी. ज्येष्ठात भरलेला कागद आश्विनापर्यंत कुजायला हवा होता, निदान त्याला वास तरी यायला हवा होता. तो जणू आत्ताच विहिरीतून काढला होता. आणि मी? त्या कागदांना मी महिनोन्‌महिने अक्षता वाहिल्या होत्या. रोज सकाळी मस्तक लावले होते.

वृंदाने फोन केल्यावर तासाभरात अनंत आला. दारातच थांबला. फरशीवर उन्हात सातही गड्ड्या ओळीने ठेवल्या होत्या. मला वाटले होते तो नाकारेल. त्याने नाकारले नाही. तो त्या हिरव्या पाण्याकडेच पाहत राहिला.

“हे पाणी कुणी घातलं?” हे त्याचे पहिले शब्द.

“पोथ्या कुठे आहेत, अनंता?”

तो सांगू लागला. मालकांना जुन्या हिंदुस्थानी वस्तूंचा शौक होता. अनंताने एकदा सहज घरी असलेल्या पोथ्यांचा विषय काढला. त्यांनी एक पाहायला मागितली. पहिले बासन भेट दिले, तेव्हा मोठ्या जागेची बोलणी सुरू झाली. मग प्रत्येक भेटीला एक.

“परत माग.”

“आता काय मागणार, गुरुजी…” तो भिंतीला टेकला. “त्यांनी पानं सुटी केली. एकेक फ्रेम करून घेतली. त्यांच्या तिथल्या ऑफिसात, घरात, मित्रांना भेट म्हणून… म्हणाले, भिंतीवर फार सुंदर दिसतात.”

वृंदा म्हणाली, “मला सांगितलंत, कापडं बदलतोय, जुनी झालीयत. मी इस्त्री करून दिली हो ती फडकी! माझ्या हातानं!”

तेव्हा त्याचा तोल गेला. “काय चुकलं एवढं? कोण वाचणार होतं त्या? आपल्यानंतर कोण? निदान भिंतीवर कुणीतरी बघतं तरी! आणि गुरुजी, आपण तरी कुठे उघडून पाहत होता? पाच महिने बांधलेल्या फडक्याला नमस्कार करत होतात. मी एक नियम घातला आणि आपण तो पाळलात. एकदा, एकदा जरी गाठ सोडली असतीत…”

एवढे बोलून तो रडू लागला. मला रडू आले नाही. त्याने सांगितले ते खोटे नव्हते, आणि म्हणूनच तो घाव आजवर भरलेला नाही. माझी श्रद्धा कशी चालते, कुठे थांबते, कोणत्या गाठीला हात लावत नाही, हे त्याला माझ्याच घरात राहून कळले होते. त्याने माझ्या अज्ञानाचा फायदा घेतला नाही. माझ्या आचाराचा घेतला.

संध्याकाळी लिम आला. त्याने कपाट भिंतीपासून ओढून पाहिले. मागे कोरडी भिंत; तिच्यात नळी नाही, वर छतात नाही, खाली फरशीत नाही. रेडिएटर समोरच्या भिंतीला, मध्ये आठ-नऊ फूट मोकळी जागा. त्याने एक कागद पिळून पाणी वाटीत घेतले, उजेडात धरले, कोठीतल्या नळीतले थेंब दुसऱ्या वाटीत घेतले. दोन्ही वाट्या शेजारी ठेवल्या. रंग एकच.

अनंताने माझी वही मागून घेतली होती. बोटांवर मोजत तो तिथींच्या तारखा करत होता. सातव्या नोंदीवर त्याचे बोट थांबले.

“ज्या दिवशी मी बासन बाहेर नेलं… त्याच्या दुसऱ्या सकाळी. सातही वेळा.” मग अगदी हळू, लहानपणी शंका विचारताना वापरायचा त्या आवाजात, “गुरुजी, आपण काही केलंत का? एखादं अनुष्ठान?”

“मला आधी कळले असते तर अनुष्ठान कशाला केले असते, अनंता? पोथ्याच वाचवल्या असत्या.”

पाणी त्यानेच भरले असेल, असे वाचकांना वाटेल. मलाही त्या रात्री वाटले. पण स्वतःची चोरी उघडी पाडणारे पाणी स्वतःच्या हाताने कोण भरेल? आणि ज्या गळतीमुळे त्याची झोप उडाली होती, जिच्यासाठी त्याने लिमला बोलावले, ती त्यानेच केली असेल? सगळे उघडे पडल्यानंतर ही एकच गोष्ट लपवण्याचे त्याला कारण नव्हते. वृंदाला ठाऊक नव्हते. ती कोठीतल्या तोट्यांना हातही लावत नसे. तिसरी किल्ली नव्हती.

लिमने चपला घातल्या. “वॉटर ऑल्वेज गो समव्हेअर,” तो मला म्हणाला. “नाऊ वी नो व्हेअर. हाऊ… डोन्ट आस्क मी, अंकल.” इतर वेळी तो वृंदाच्या हातचा चहा घेतल्याशिवाय जात नसे. त्या दिवशी थांबला नाही.

दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी मी परत निघालो. तोवरच्या तीस दिवसांत काटा दीडवरून हलला नाही; एकवीस दिवसांचा नियम पहिल्यांदाच पुरा झाला. विमानतळावर अनंताने वाकून नमस्कार केला. आशीर्वादासाठी माझा हात सवयीने उचलला गेला, आणि मध्येच राहिला. तो हात पुरता खाली यायला हवा होता की नको, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

या गोष्टीला आता तीन वर्षे होतील. चारही पोथ्यांच्या मी नकला करून घेतल्या आहेत. ज्याला वाचायच्या असतील त्याने यावे, हात धुऊन बसावे, गाठ सोडावी. मी मुहूर्त पाहत नाही. ‘कोण वाचणार होतं त्या?’ या अनंताच्या प्रश्नाचे मी देऊ शकतो ते उत्तर एवढेच. तो दर दसऱ्याला पत्र पाठवतो. मोठी जागा त्याला मिळाली. बॉयलर त्याने काढून टाकलेला नाही. रिकाम्या खोलीत काटा दीडवर आहे, असे लिहितो, आणि शेवटी दरवेळी विचारतो — पाणी गेले कसे? मी उत्तर पाठवलेले नाही. रागाने नव्हे. माझ्यापाशी उत्तर नाही. बंद नळीतून कोरड्या खोलीत, कोरड्या फडक्यात, नेमके खोट्या कागदांपर्यंत पाणी कसे पोचले, हे कोणत्याही प्रमाणाने मला सिद्ध करता येत नाही. आणि नळीतल्या पाण्याला जे कळले ते रोज मस्तक टेकणाऱ्या मला का कळले नाही, हेही.

त्या तक्त्यांतले एक पान मी बरोबर आणले. वाळले आहे, हिरवा डाग आणि त्याचे अक्षर, दोन्ही शिल्लक आहेत. ते दोन फळ्यांमध्ये ठेवून वेगळे बांधले आहे. त्याची पूजा करत नाही. दसऱ्याला इतर चार पोथ्या वाचून झाल्या की तेवढी गाठ सोडतो, आणि कागद कोरडा आहे ना, हे बोटाने चाचपून पाहतो.